आजीबाईंनी जपलेली पत्रे

दौंडहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की केडगाव लागते. लहानपणापासून ते स्टेशन मी कितीदा पाहिले असेल! येथे पंडिता रमाबाईंचा आश्रम आहे, एवढेच मला ठाऊक होते. गेल्या वर्षी इतिहासाच्या सरांनी ग्रंथालयाच्या कपाटातून रमाबाईंच्या पत्रव्यवहाराचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढून हातात दिला. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे शब्दकोश मांडीवर घेऊन दिवसाला चार पाने, अशा बेताने मी तो वाचला.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातल्या गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे पंडित. त्यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे आश्रम सोडावा लागला. तेव्हा अवघ्या काही महिन्यांच्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून, माणसाच्या डोक्यावर देऊन नेले. त्यानंतर हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरत राहिले. ज्या घराला छप्पर नाही त्या घरात दप्तर कुठले? विद्या होती ती मुखोद्गत. मायलेकींनी तिची देवघेव केली तीही तोंडीच. मग दुष्काळ आला. वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली, मग बहीण गेली. आईच्या तिरडीला चौथा खांदेकरी मिळेना. शेवटी रमाबाई स्वतः उभ्या राहिल्या. उंची कमी, म्हणून त्यांनी तिरडी खांद्यावर न घेता डोक्यावर घेतली. हा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटले आणि त्या दिवशी पुढे वाचले नाही.

१८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. भाऊ गेला. बिपिन बिहारी मेधावी या जातीबाहेरच्या वकिलाशी विवाह झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीही गेले. कन्या मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. पुढचे पुण्यातील आर्य महिला समाजाचे आणि हंटर आयोगापुढच्या साक्षीचे प्रकरण आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेले असते, म्हणून ते येथे सांगत नाही.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकण्याची इच्छा होती, पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागल्याने तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील मठातल्या भगिनींच्या आश्रयाला त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी तेथेच मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्या मठात सिस्टर जेराल्डीन होत्या. रमाबाई त्यांना आजीबाई म्हणत. हा मराठी शब्द इंग्रजी पत्रांच्या मायन्यात पाहिला तेव्हा मला परदेशात गाववाले भेटावे तसे झाले.

या आजीबाईंशी रमाबाईंचे जमले किती आणि भांडण किती, हे ठरविणे अवघड आहे. रमाबाई पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकण्यास आणि संस्कृत शिकविण्यास गेल्या. त्यांनी इंग्रज तरुणांना शिकवू नये, असे हिंदुस्थानातील बिशपांनी कळविले. रमाबाईंनी कारण विचारले. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, आपल्या देशभगिनींना कळणारी संस्कृत का नको, यावर वाद झाला. शाकाहारावर झाला, त्रैक्याच्या सिद्धान्तावर झाला. धर्म स्वीकारला म्हणजे बुद्धी गहाण टाकली असे नव्हे, ही त्यांची भूमिका पानोपानी दिसते. जेराल्डीनबाईंना यात अहंकार दिसे, आणि तसे त्यांनी आपल्या टिपणांत मोकळेपणी लिहून ठेवले आहे.

मला नवल वाटते ते पुढचेच. आपल्याला उलट उत्तरे देणारी ही पत्रे जेराल्डीनबाईंना चुलीत घालता आली असती. त्यांनी ती राखली, जुळवली, त्यांना टिपणे जोडली. मनोरमा काही काळ त्यांच्याकडेच वाढली. त्या मायलेकींनी एकमेकींना लिहिलेली पत्रेही त्यांनीच सांभाळली. सरांचे म्हणणे असे की, आपली बाजू खरी ठरावी म्हणूनच बाईंनी हा खटाटोप केला. असेलही. पण आज वाचणारा बहुधा रमाबाईंच्याच बाजूने होतो, आणि ती सोय जेराल्डीनबाईंनीच करून ठेवली आहे.

रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले, पुढे ते पुण्यास नेले. धर्मांतराच्या वादात १८९३ साली रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही दूर झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी अनाथ मुली-बायकांना केडगावी आणले. तेथील छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही बायकाच होत्या. मनोरमा १९२१ साली गेली. त्यानंतर वर्षाच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या.

आता घरचे थोडे. माझे आजोबा मुंबईत गिरणीत होते. त्यांची पोस्टकार्डे आमच्या माजघरात खुंटीला अडकवलेल्या तारेत टोचलेली असत. आजीला वाचता येत नाही. गावातले मास्तर वाचून दाखवीत आणि तिचे उत्तरही तेच लिहीत. १९८२ च्या संपानंतर आजोबा परतले. ते वारल्यावर एका दिवाळीच्या साफसफाईत ती तार बंबात गेली. कुणाला वाईटही वाटले नाही. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, म्हणून कुणाला दोष देत नाही.

त्यातली दोन कार्डे आजीने कुंकवाच्या पेटीत दडवली होती. मी रमाबाईंबद्दल सांगू लागले तेव्हा तिने ती काढून दिली. एकात म्हशीची चौकशी आहे, दुसऱ्यात मनिऑर्डर उशिरा निघेल असे आहे. मी वाचू लागले तर पुढचे वाक्य तीच माझ्याआधी म्हणू लागली. तिने मास्तरांकडून लिहवून घेतलेली उत्तरे मात्र मुंबईच्या खोलीतच राहिली. हल्ली संध्याकाळी ती आठवून सांगते आणि मी वहीत उतरून घेते. माझ्या वडिलांच्या जन्माचे कळवताना तिने काय लिहवले होते, ते अजून तिला आठवत नाही. वहीची अकरा पाने झाली आहेत.