आभाराच्या दिवसाची आई : सेरा हेल

मेरी नावाच्या मुलीच्या मागोमाग शाळेत शिरलेल्या कोकराचे इंग्रजी गाणे आपल्यापैकी बहुतेकांनी बालपणी म्हटले असेल. १८३० साली मुलांसाठीच्या एका छोट्याशा संग्रहात ते प्रसिद्ध झाले. ज्या बाईंनी तो संग्रह काढला, त्यांनीच पुढे अमेरिकेला एक राष्ट्रीय सण मिळवून दिला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तो सण म्हणजे थँक्सगिव्हिंग, सुगी घरात आल्यावर ईश्वराचे आभार मानण्याचा दिवस. आणि त्या बाई म्हणजे सेरा जोसेफा हेल.

सेराबाईंचा जन्म २४ ऑक्टोबर १७८८ रोजी न्यू हॅम्पशायरमधील न्यूपोर्ट या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. वडील गॉर्डन ब्यूएल स्वातंत्र्ययुद्धात लढलेले होते. त्या काळी अमेरिकेत मुलींना महाविद्यालयाचे दार बंद होते. भाऊ होरेशियो डार्टमथ महाविद्यालयात शिकत होता. तो तेथे जे शिके, ते घरी आल्यावर बहिणीला शिकवी. उच्च शिक्षण म्हणून सेराबाईंच्या वाट्याला आले ते एवढेच. पण त्या शिदोरीवर त्यांनी अठराव्या वर्षी शाळा चालवली.

१८१३ मध्ये डेव्हिड हेल या वकिलाशी त्यांचा विवाह झाला. संसार सुखाचा होता. रात्री दोघे मिळून वाचन करीत, अभ्यास करीत. हे सुख नऊ वर्षे टिकले. १८२२ साली डेव्हिड न्यूमोनियाने गेले. पदरी चार मुले, आणि पाचवे मूल वडिलांच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी जन्मले. तेव्हापासून अखेरपर्यंत सेराबाईंनी काळा शोकवेषच वापरला. नणंदेबरोबर स्त्रियांच्या टोप्या शिवून विकण्याचा धंदा त्यांनी करून पाहिला, पण मन रमेना. अखेर त्या लेखणीकडे वळल्या.

१८२७ मध्ये त्यांची 'नॉर्थवुड' ही कादंबरी आली. उत्तरेतील आणि दक्षिणेतील जीवनाची तुलना आणि गुलामगिरीचा प्रश्न हा तिचा विषय. तिच्यात न्यू इंग्लंडमधील थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचे सविस्तर वर्णन आहे. मेजाच्या शिरोभागी भाजलेली टर्की, भोवती भाज्या आणि मांसाचे प्रकार, शेवटी भोपळ्याचे गोड सारण भरून भट्टीत भाजलेले पदार्थ, आणि दूरदूरहून घरी परतलेली मुलेबाळे. आज अमेरिकन घरांत या दिवशी जे ताट मांडले जाते, त्याचा नकाशा या पानांत सापडतो.

कादंबरी गाजली आणि १८२८ साली बोस्टनमधील एका स्त्रियांच्या मासिकाचे संपादकपद त्यांच्याकडे चालून आले. पुढे लुई गोडी यांनी ते मासिक विकत घेऊन आपल्या मासिकात मिळवले आणि १८३७ पासून सेराबाई 'गोडीज लेडीज बुक'च्या संपादिका झाल्या. चाळीस वर्षे त्यांनी हे काम केले. १८६० च्या सुमारास मासिकाचा खप दीड लाखांवर गेला होता. आपल्या हाती केवढे साधन आले आहे, हे त्यांनी ओळखले.

त्या काळी थँक्सगिव्हिंग हा सर्व देशाचा सण नव्हता. अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी १७८९ साली नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी तो पाळण्याचे आवाहन केले होते; पण तो वार्षिक प्रघात ठरला नाही. न्यू इंग्लंडमध्ये त्याचे प्रस्थ मोठे, इतरत्र तुरळक; आणि प्रत्येक राज्याचा गव्हर्नर आपापली तारीख जाहीर करी. साऱ्या देशाने एकाच दिवशी हा सण पाळावा, असे सेराबाईंनी १८४६ पासून अग्रलेखांतून मांडण्यास सुरुवात केली. नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार त्यांना योग्य वाटे, कारण तोवर शेतीची कामे उरकलेली आणि निवडणुकांची धामधूम निवालेली असे. दरवर्षी त्या लेख लिहीत, सणाच्या कथा आणि पाककृती छापीत, आणि राज्यांच्या गव्हर्नरांना व देशाच्या अध्यक्षांना स्वहस्ते पत्रे पाठवीत. टेलर, फिलमोर, पीअर्स, ब्युकॅनन असे एकामागून एक अध्यक्ष आले आणि गेले. राष्ट्रीय सणाची घोषणा कोणी केली नाही. अनेक गव्हर्नरांनी मात्र त्यांचे ऐकले.

यामागे केवळ मेजवानीची हौस नव्हती. गुलामगिरीवरून देश दुभंगत चालल्याचे त्यांना दिसत होते. एका दिवशी उत्तरेचे आणि दक्षिणेचे लोक एकाच भावनेने जेवायला बसले, तर फुटीची भिंत ढासळेल, असा त्यांचा विश्वास होता. हा विश्वास खोटा ठरला. दक्षिणेतील काहींना हा सण म्हणजे उत्तरेच्या गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशकांचा डाव वाटे. १८६१ साली यादवी युद्ध पेटले, आणि राजकारणाला थारा न देणाऱ्या त्यांच्या मासिकात त्या रक्तपाताचे पडसाद जवळजवळ उमटले नाहीत.

तरीही पत्रे थांबली नाहीत. २८ सप्टेंबर १८६३ रोजी, गेटिसबर्गच्या भीषण लढाईला तीन महिनेही झाले नसताना, चौऱ्याहत्तर वर्षांच्या सेराबाईंनी अध्यक्ष लिंकन यांना पत्र लिहिले. ३ ऑक्टोबरला घोषणा निघाली. तिचा मसुदा परराष्ट्रमंत्री स्यूअर्ड यांनी तयार केला होता. त्या वर्षी २६ नोव्हेंबरला हा दिवस पाळला गेला. सतरा वर्षांची खटपट फळाला आली. पण जे युद्ध टळावे म्हणून ती केली, त्या युद्धाच्याच धुमाळीत.

सेराबाईंची दुसरी मोठी तळमळ स्त्रीशिक्षणाची. १८६१ साली स्थापन झालेल्या व्हासार महाविद्यालयाला त्यांनी हिरिरीने पाठिंबा दिला, आणि त्याच्या नावातील 'फीमेल' हा शब्द त्यांच्याच आग्रहाने १८६७ मध्ये गळाला. स्त्रियांनी डॉक्टर व्हावे, असा प्रचार त्यांनी केला. ज्या फिलाडेल्फियात बसून त्या हे लिहीत, तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातूनच १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या.

मात्र त्यांच्या विचारांना मर्यादाही होत्या. स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा, हे त्यांना मान्य नव्हते. गुलामगिरी त्यांना नको होती. पण मुक्त झालेल्या काळ्या लोकांनी आफ्रिकेत जाऊन वसावे, असे त्यांना वाटे. ज्या मेजाभोवती सारा देश बसावा अशी त्यांची इच्छा होती, त्यावर सर्वांना सारखी जागा नव्हती.

डिसेंबर १८७७ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, त्या निवृत्त झाल्या. त्याच वर्षी एडिसन यांनी आपल्या नव्या फोनोग्राफची परीक्षा घेताना मेरीच्या कोकराचेच गाणे म्हटले. ३० एप्रिल १८७९ रोजी सेराबाई निवर्तल्या. १९४१ साली कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायम झाला.

पण एक जुना प्रश्न उरला. १६२१ च्या शरद ऋतूत प्लिमथ येथे इंग्रज वसाहतकरी आणि मॅसॅसॉइट यांच्याबरोबर आलेले नव्वद वांपानोआग तीन दिवस एकत्र जेवले. पाहुण्यांनी पाच हरणे आणली होती. हेच पहिले थँक्सगिव्हिंग, ही समजूत मात्र एकोणिसाव्या शतकात रुजली. पाहुण्यांच्या वाट्याला पुढे काय आले, ते तिच्यात नाही. त्यांची भूमी गेली, आणि १६७५ च्या युद्धात मॅसॅसॉइट यांचा मुलगा मेटाकॉम इंग्रजांशी लढला व पुढच्या वर्षी मारला गेला. १९७० पासून प्लिमथमध्ये मूलनिवासी लोक याच दिवशी राष्ट्रीय शोकदिन पाळतात.

सणाने माणसे जोडली जातात, ही सेराबाईंची श्रद्धा व्यर्थ म्हणवत नाही. गुलामगिरीसारखा अन्याय मात्र सणाने मिटत नाही, हे त्यांच्याच काळाने दाखवून दिले. स्वतः महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या या विधवेने हाती असलेली एक लेखणी सतरा वर्षे खाली ठेवली नाही. त्यांनी मांडलेल्या मेजावर उरलेल्यांसाठी जागा करण्याचे काम पुढच्या पिढ्यांवर आले, आणि ते अजून पुरे झालेले नाही.