बोल्टच्या आट्यांना शिस्त लावणारा माणूस : जोसेफ व्हिटवर्थ

भोरच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात चार सुती बोल्ट मागितला की अर्धा इंची बोल्ट हातात पडतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तो बोल्ट ट्रॉलीच्या हुकाला लावला आणि त्याचा नट दोन वर्षांनी वेल्ह्यात बदलायची वेळ आली, तरी नवा नट बसतो. यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. पण दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्येसुद्धा एका कारखान्याचा नट शेजारच्या कारखान्याच्या बोल्टवर बसेलच याची खात्री नव्हती. प्रत्येक कारागीर आपल्या मनाने आटे पाडायचा. हा गोंधळ ज्याने मिटवला, तो जोसेफ व्हिटवर्थ.

त्याचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टचा. वडील शिक्षक होते, पुढे धर्मोपदेशक झाले. आई लहानपणीच गेली. चौदाव्या वर्षी त्याला मामांच्या सूतगिरणीत पाठवलं, पुढेमागे भागीदार होईल म्हणून. पोराचं मन मात्र हिशेबात नाही, यंत्रांत रमलं. काही वर्षांत गिरणी सोडून तो मँचेस्टरला साधा कामगार म्हणून लागला आणि १८२५ मध्ये लंडनला हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात पोहोचला. त्या काळी यंत्रकाम शिकायला यापेक्षा चांगली जागा नव्हती.

तिथे त्याने एक साधा वाटणारा प्रश्न सोडवला : लोखंडाची पाटी खरोखर सपाट कशी करायची? दोन पाट्या एकमेकींशी जुळवल्या तर एक किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट निघू शकते. दोन्ही छान जुळतात, पण सपाट एकही नसते. त्याने तीन पाट्या घेतल्या. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी जुळवायची, रंग लावून उंचवटे शोधायचे आणि ते खरवडायचे. तिन्ही एकमेकींशी जुळल्या की तिन्ही सपाटच असणार. आजही वर्कशॉपमधल्या सरफेस प्लेटमागचं तत्त्व हेच आहे.

नंतर तो जोसेफ क्लेमंटकडे होता. चार्ल्स बॅबेजच्या गणकयंत्राचे भाग तिथेच बनत होते. १८३३ मध्ये मँचेस्टरला परतून त्याने स्वतःचा कारखाना काढला.

१८४१ मध्ये त्याने इंग्लंडच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे आट्यांवरचा निबंध मांडला. पद्धत गमतीची होती. सर्वोत्तम आटा कोणता, या वादात तो पडला नाही. देशभरातल्या कारखान्यांतून बोल्ट जमवले, मापं घेतली आणि सरासरी काढली. आट्याचा कोन ५५ अंश, वरची धार आणि तळ गोलसर, अर्ध्या इंची बोल्टला एका इंचात १२ आटे, एक इंची बोल्टला ८. सरासरी असल्यामुळे कुणालाच फार बदलावं लागलं नाही. रेल्वे कंपन्यांनी ही मापं उचलली, मग यंत्रं बनवणाऱ्यांनी. क्रिमियन युद्धात गनबोटींची इंजिनं घाईने हवी होती, तेव्हा त्यांचे भाग वेगवेगळ्या कारखान्यांत करून जोडता आले. इंग्लंडहून आलेल्या रेल्वेच्या आणि गिरण्यांच्या यंत्रांबरोबर हेच आटे मुंबई इलाख्यातही उतरले.

उलट त्याच्या रायफलचं झालं. षटकोनी नळीची त्याची रायफल १८५७ च्या चाचणीत सरकारी एनफिल्डपेक्षा कितीतरी अचूक ठरली. पण ती महाग होती, अरुंद नळीत काजळी लवकर धरायची आणि ब्रिटिश लष्कराने ती नाकारली. सरासरी काढलेली वस्तू जगभर गेली आणि सगळ्यांत सरस वस्तू मागे पडली. हट्टी स्वभावाच्या या माणसाला ते फार लागलं असणार.

पुढे अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा सुचवला, कारण तो पाडायला सोपा. आजचा मेट्रिक आटाही ६० अंशांचाच आहे. आपल्या बाजारात इंची आणि मेट्रिक असे दोन्ही बोल्ट एकाच डब्यात सापडतात, आणि घोळ इथेच होतो. चार सुती बोल्ट १२.७ मिलिमीटरचा, त्याच्या दोन आट्यांत साधारण २.१ मिलिमीटर अंतर. १२ मिलिमीटरच्या नेहमीच्या मेट्रिक बोल्टला ते १.७५. अर्ध्या इंची नटात असा बोल्ट एखादा-दुसरा आटा धरतो आणि अडतो. पान्ह्याने जोर लावला तर आटे मरतात आणि सगळा भार उरलेल्या एक-दोन आट्यांवर येतो. वरंध घाटाच्या उतारावर भरलेली ट्रॉली अशा हुकाला असणं म्हणजे जिवाशी खेळ.

घरी आटे साफ करतानाही हेच लक्षात ठेवायचं. वेल्ह्याच्या पावसात गंज चढतोच. आधी रॉकेल किंवा डिझेल लावून ठेवावं, तारेच्या ब्रशने घासावं आणि मग गरज असेल तरच डाय फिरवावी. चुकीच्या मापाची डाय गंज काढत नाही, नवे आटे कापते. साफ झालेल्या बोल्टवर नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. आटे झिजले असतील तर हुकाचा बोल्ट बदलावा, तिथे काटकसर नको.

व्हिटवर्थला मूल नव्हतं. १८६८ मध्ये त्याने तरुण इंजिनिअरांसाठी वर्षाला ३,००० पौंडांच्या शिष्यवृत्त्या सुरू केल्या, पुढच्या वर्षी त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. २२ जानेवारी १८८७ रोजी तो माँटे कार्लोला वारला. त्याच्या संपत्तीतून मँचेस्टरमध्ये एक कलादालन आणि एक बाग उभी राहिली. दोन्हींना त्याचं नाव आहे.