राजाचे भगंदर आणि वैद्य जीवक

राजगृहाची गणिका सालवती हिने उकिरड्यावर टाकायला लावलेले बाळ राजपुत्र अभयला जिवंत सापडले, म्हणून त्याचे नाव जीवक. तक्षशिलेत सात वर्षे वैद्यक शिकून तो परतला.

विनयपिटकातील महावग्गात पुढचा प्रसंग येतो. मगधराज बिंबिसाराला भगंदर झाले होते. वस्त्रांवर रक्ताचे डाग पडत आणि राजाला पाळी आली म्हणून राण्या हसत. (बाईची पाळी आणि पुरुषाचे दुखणे, दोन्हींची लाज एकाच हशात!) राजा शरमला, पण त्याने दुखणे लपवले नाही, अभयला सांगितले. जीवक नखात औषध घेऊन गेला आणि एकाच लेपात राजा बरा झाला, असे ग्रंथ सांगतो. बक्षीस म्हणून समोर आलेले पाचशे स्त्रियांचे दागिने त्याने घेतले नाहीत.

लेपाचा भाग मात्र आज शब्दशः घेऊ नका. गुदद्वाराच्या आतील ग्रंथीत पू होतो, गळू फुटते आणि आतून बाहेरच्या कातडीपर्यंत नळी तयार होते. ती सहसा शस्त्रक्रिया किंवा क्षारसूत्राशिवाय भरत नाही. आमच्या वस्तीतली तरुण पोरे मूळव्याध समजून महिनोन्महिने मेडिकलमधून मलम आणतात. डॉक्टरला दाखवायची लाज वाटते.

बिंबिसाराने जीवकाला स्वतःचा, अंतःपुराचा आणि भिक्खुसंघाचा वैद्य नेमले. उकिरड्यावरचे ते मूल पुढे तथागतांवरही उपचार करू लागले. त्याच्या आम्रवनाची जागा राजगीरला आजही दाखवतात.