संत जॉन बॉस्को : छडीविना शिक्षण

इटलीतील बेक्की येथे १८१५ साली जॉनचा जन्म झाला. तो दोन वर्षांचा होण्याआधीच वडील वारले. नवव्या वर्षी त्याला स्वप्न पडले. शिव्याशाप देणाऱ्या मुलांना तो ठोसे मारत होता. त्यांना मारून नव्हे, मायेने जिंकण्याची आज्ञा त्याला झाली.

१८४१ साली ते धर्मगुरू झाले. तुरीनच्या तुरुंगातील कोवळी मुले पाहून त्यांचे मन हेलावले. अशा अनाथ, भटक्या मुलांना त्यांनी आसरा, खेळ, कामधंदा व प्रार्थनेची गोडी दिली. माराने मूल चिडते आणि शिक्षकाचाही मान जातो, असे त्यांनी १८७७ साली लिहिले. शिक्षकाने मुलांत मिसळावे, चूक घडण्याआधीच सावरावे, ही त्यांची रीत.

३१ जानेवारी १८८८ रोजी ते देवाघरी गेले. पालकहो, हात उगारण्यापूर्वी त्यांना आठवू या.