न्यायमूर्ति संत थॉमस मोअर

संतांचें चरित्र म्हटलें म्हणजे मठांतील एकांत कोठडी किंवा दूरदेशींचें मिशनकार्य डोळ्यांपुढें उभें राहतें. कोर्टकचेरी, पार्लमेंट आणि राजदरबार यांत आयुष्य वेंचून व बायकामुलांचा संसार करून कोणी संतपदास पोहोंचला असेल, हें सहसा मनांत येत नाहीं. म्हणून या जुबिली अंकाच्या वाचकांपुढें अशाच एका वकिलाचें चरित्र ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

थॉमस मोअर यांचा जन्म इ. स. १४७८ मध्यें लंडन शहरीं झाला. त्यांचे वडील जॉन मोअर हे वकील असून पुढें न्यायाधीश झाले. आर्चबिशप मॉर्टन यांच्या घरीं बाळपणीं सेवेस राहून थॉमस ऑक्सफर्डास गेले. परंतु मुलानें कायदाच शिकावा, असा वडिलांचा आग्रह पडला व १४९६ मध्यें ते लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेंत दाखल झाले. पुढें कार्थूसियन मठाच्या सान्निध्यांत सुमारें चार वर्षें राहून आपण मठवासी व्हावें कीं काय, याचाहि त्यांनीं विचार केला. अखेरीस १५०५ मध्यें त्यांनीं विवाह केला. तथापि अंगरख्याखालीं केंसांचें खरखरीत वस्त्र घालण्याचा नेम त्यांनीं पुढेंहि सोडला नाहीं. मुलींसहि त्यांनीं मुलाच्या बरोबरीनें लॅटिन व ग्रीक शिकविलें, ही गोष्ट त्या काळीं फार दुर्मिळ होती.

१५०४ मध्यें ते पार्लमेंटांत बसले. सातव्या हेन्रीनें मागितलेल्या मोठ्या रकमेस या तरुण सभासदानें विरोध केला, आणि राजानें तो राग त्याच्या वडिलांस शंभर पौंड दंड करून काढला, असें त्यांचे जावई रोपर यांनीं लिहून ठेविलें आहे. १५२३ मध्यें ते कॉमन्स सभेचे सभापति झाले, तेव्हां सभासदांस निर्भयपणें बोलतां यावें, अशी विनंति त्यांनीं राजासच केली.

१५२९ मध्यें आठव्या हेन्रीनें त्यांस लॉर्ड चॅन्सेलर नेमिलें. या पदावरील त्यांच्या वर्तनाच्या गोष्टी सांगाव्या तितक्या थोड्याच. आपल्या न्यायासनाकडे जातांना, वडील दुसऱ्या कोर्टांत न्यायदानास बसलेले असले म्हणजे हे प्रथम त्यांच्यापुढें गुडघे टेंकून आशीर्वाद घेत. एका बाईनें हातमोजांत चाळीस पौंड घालून भेट पाठविली. त्यांनीं मोजे ठेवून पैसे परत केले. खुद्द जावई हेरन याच्या दाव्यांत त्यांनीं त्याच्या विरुद्ध निकाल दिला. त्यांच्या कारकीर्दींत सहा जणांस पाखंडाबद्दल जिवंत जाळण्यांत आलें, हेंहि आम्हीं झांकून ठेवीत नाहीं. संतांच्या हातूनहि त्यांच्या काळाचे कायदे सुटत नाहींत.

राजास राणी कॅथरीन हिला दूर करून ॲन बुलिन हिच्याशीं लग्न करावयाचें होतें. पोपमहाशय मान्यता देईनात, तेव्हां इंग्लंडांतील ख्रिस्तसभेची सत्ता तो स्वतःकडे घेऊं लागला. १५ मे १५३२ रोजीं तेथील धर्मगुरुवर्ग राजास शरण गेला. दुसऱ्याच दिवशीं मोअर यांनीं पदाची मुद्रा परत केली.

१५३४ च्या एप्रिलांत त्यांस शपथेसाठीं बोलावणें आलें. गादीचा वारस ठरविण्याचा पार्लमेंटचा अधिकार त्यांस मान्य होता. परंतु शपथेच्या मजकुरांत पोपमहाशयांची सत्ता झुगारली होती, म्हणून त्यांनीं ती घेतली नाहीं आणि कारणहि सांगितलें नाहीं. त्यांस टॉवरच्या तुरुंगांत टाकण्यांत आलें. मौन म्हणजे संमति, असा कायद्याचा जुना संकेत आहे. न बोललेल्या शब्दाबद्दल कोणास राजद्रोही ठरवावें कसें? मोअर यांनीं मरण ओढवून घेतलें असें कित्येक समजतात. आमच्या मतें, कायद्यानें मोकळ्या ठेविलेल्या प्रत्येक वाटेनें त्यांनीं तें टाळूनच पाहिलें. फक्त शपथेची वाट त्यांनीं घेतली नाहीं. पत्नीनें व लाडक्या मार्गारेटनें विनवूनहि ते ढळले नाहींत.

१ जुलै १५३५ रोजीं वेस्टमिन्स्टर हॉलमध्यें खटला चालला. न्यायासनावर नव्या राणीचे वडील, भाऊ व मामा बसले होते! राजाचें धर्ममस्तकपद मोअर यांनीं तुरुंगांतील संभाषणांत नाकारलें, अशी साक्ष सरकारी वकील रिचर्ड रिच यानें दिली. तेथें हजर असलेल्या दोघांनीं आपण पुस्तकें बांधण्यांत गुंतलों होतों, कांहीं ऐकलें नाहीं, असें सांगितलें. तरी ज्यूरीस पाव तास पुरला. दोषी ठरल्यावर मात्र त्यांनीं मौन सोडलें आणि ख्रिस्तसभेचें मस्तकपद कोणत्याहि पार्लमेंटला देतां येत नाहीं, हें कायदेपंडिताच्या रीतीनें मुद्देसूद मांडलें.

६ जुलै रोजीं त्यांचा शिरच्छेद झाला. लंडनच्या पुलावर लावलेलें त्यांचें मस्तक मार्गारेटनें मिळवून जपून ठेविलें. त्यांच्या आधीं चौदा दिवस, २२ जून रोजीं, याच कारणासाठीं बिशप जॉन फिशर यांनीं प्राण दिला होता. अकरावे पायस पोपमहाशय यांनीं १९ मे १९३५ रोजीं दोघांसहि एकाच समारंभांत संतपद दिलें, आणि दोघांचा सण २२ जून रोजींच पाळला जातो.