पालवणकर बाळू

पालवणकर बाळू (जन्म : इ.स. १८७५-७६च्या सुमारास, धारवाड, मृत्यू : ४ जुलै १९५५, मुंबई) हे भारतीय क्रिकेटच्या आरंभीच्या काळातील एक श्रेष्ठ गोलंदाज होते. डाव्या हाताने मंदगती फिरकी गोलंदाजी करणाऱ्या बाळूंनी प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी घेतले. त्यांची सरासरी बळीमागे सुमारे १५ धावा इतकी होती. इ.स. १९११मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या अखिल भारतीय संघातील ते सर्वांत यशस्वी गोलंदाज होते. चर्मकार समाजात जन्मलेल्या बाळूंना संघात घ्यावे की नाही, घेतल्यास पंगतीला बसवावे की नाही आणि कर्णधारपद द्यावे की नाही, हे प्रश्न त्यांच्या कारकिर्दीत एकामागून एक उभे राहिले. क्रिकेटमध्ये खेळाडूची पात्रता कशावरून ठरते, या विषयाच्या भारतीय इतिहासात म्हणूनच त्यांच्या चरित्राला महत्त्वाचे स्थान आहे.

== घराणे व बालपण ==

बाळूंचे घराणे मूळचे कोकणातील. पालवण या गावावरून त्यांचे आडनाव पडले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे कुटुंबाचे वास्तव्य छावण्यांच्या आसपास राहिले. बाळूंचे बालपण मुख्यतः पुण्यात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम हे क्रिकेट शिकले. पुढे विठ्ठल व गणपत हे आणखी दोन भाऊही नावाजलेले खेळाडू झाले. चौघेही भाऊ हिंदू संघातून खेळले. घरची परिस्थिती बेताची असल्याने बाळूंना शाळा लवकर सोडावी लागली.

== पुणे : मैदानावरील नोकर ==

क्रिकेटच्या मैदानावरील त्यांची पहिली नोकरी पुण्यातील एका पारशी क्लबात होती. खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रोलर फिरवणे आणि कधीमधी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकणे हे त्यांचे काम होते. पगार महिना तीन रुपये होता. इ.स. १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपये पगारावर रुजू झाले. तेथे खेळपट्टीच्या कामाबरोबरच जाळी उभारणे व टेनिसच्या मैदानावर रेषा आखणे हीही कामे त्यांच्याकडे होती.

याच क्लबात त्यांची गोलंदाजी घडली. हँपशायरकडून खेळलेले आणि भारतातील इंग्रज फलंदाजांत अग्रगण्य मानले जाणारे जे. जी. ग्रेग हे इतर सभासदांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर दीर्घकाळ सराव करीत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याचा ग्रेग यांचा शिरस्ता होता, अशी आख्यायिका आहे. आकडा खरा असो वा नसो, रोज तासन्‌तास कसलेल्या फलंदाजांना चेंडू टाकल्यामुळे बाळूंच्या हाताला जे वळण लागले, ते त्या काळच्या दुसऱ्या भारतीय गोलंदाजाला क्वचितच लाभले असेल. चेंडूची दिशा व टप्पा यांवर त्यांची हुकमत होती. दोन्ही बाजूंना चेंडू वळवणे आणि गती सूक्ष्मपणे बदलणे ही त्यांची वैशिष्ट्ये होती.

मात्र इतकी वर्षे चेंडू टाकूनही पूना क्लबात त्यांच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी हा सभासदांचा हक्क होता. गोलंदाजी हे श्रमाचे काम, म्हणून ती नोकराकडे. बाळूंच्या वाट्याला आलेला पात्रतेचा हा पहिला नियम वर्णाचा व हुद्द्याचा होता. जातीचा नियम त्यांना पुढे आपल्याच माणसांत भेटला.

== पुण्याच्या हिंदू संघात प्रवेश ==

पुण्याच्या हिंदू क्रिकेटपटूंचे पूना क्लबाच्या युरोपियनांशी सामने होत. ज्या गोलंदाजावर ग्रेग रोज सराव करतात, तोच आपल्या संघात असावा, असे हिंदूंच्या संघातील काहींना वाटू लागले. यावरून सभासदांत दोन तट पडले. तेलुगू सभासद बाळूंना घेण्यास अनुकूल होते, तर ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. अखेर जिंकण्याची ईर्षा वरचढ ठरली आणि बाळूंना संघात घेण्यात आले. हा निर्णय समतेच्या तत्त्वापेक्षा गरजेपोटी झाला होता, हे त्यानंतरच्या वागणुकीवरून दिसते.

मैदानावर सर्व खेळाडू बाळूंनी हाताळलेला चेंडू हाताळीत. चहाच्या वेळी मात्र इतरांना मंडपात चिनीमातीच्या पेल्यांतून चहा मिळे आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यातून दिला जाई. जेवणाचे त्यांचे ताट वेगळे व मेजही वेगळे असे. तोंड धुण्यासाठी पाणी हवे असल्यास अस्पृश्य समाजातीलच एखादा नोकर ते एका कोपऱ्यात आणून देई. म्हणजे संघाच्या यादीत नाव लागले, तरी संघाच्या पंगतीत ते लागलेले नव्हते.

बाळूंच्या गोलंदाजीमुळे पुण्याच्या हिंदूंनी अनेक विजय मिळवले. त्यांतील साताऱ्याचा विजय विशेष गाजला. सातारा जिमखाना हा केवळ गोऱ्यांचा क्लब होता. फिरकीचा प्रभाव पडू नये म्हणून यजमानांनी सामन्यापूर्वी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून घेतल्याचे सांगितले जाते. तरीही बाळूंनी सात बळी घेऊन पुण्याच्या संघाला विजय मिळवून दिला. या यशानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीरपणे बाळूंचा गौरव केला आणि ज्याच्याबरोबर खेळता येते, त्याच्याबरोबर खाण्यापिण्यासही हरकत नसावी, अशा आशयाचे मत मांडले. लोकमान्य टिळकांनीही एका जाहीर सभेत त्यांची प्रशंसा केली.

== मुंबई : जिमखाना आणि रेल्वे ==

प्लेगच्या साथीच्या सुमारास बाळू कुटुंबासह मुंबईला आले. मुंबईचे क्रिकेट तेव्हा धर्मवार विभागलेले होते. पारशी, मुस्लिम व हिंदू यांचे स्वतंत्र जिमखाने समुद्रकिनारी उभे राहिले होते आणि त्यांच्यातील सामन्यांत खेळण्यासाठी त्या त्या धर्माचा असणे ही पहिली अट होती. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याची स्थापना इ.स. १८९४मध्ये झाली. बाळूंना तेथे प्रवेश देण्यास काही गुजराती सभासदांचा विरोध होता, परंतु कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरल्याने तो मावळला. पुण्याच्या मानाने मुंबईचे वातावरण मोकळे होते. येथे बाळूंना सहखेळाडूंबरोबर उपाहारही घेता येऊ लागला.

उपजीविकेसाठी त्यांनी काही काळ लष्करात आणि नंतर बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी केली. रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळत. जिमखान्यात धर्म पाहिला जाई, कचेरीच्या संघात नोकरी. गरीब घरातील खेळाडूला यांपैकी दुसरा मार्ग अधिक सोयीचा होता, कारण त्यात पगारही मिळे आणि मैदानही. पुढील अनेक दशके मुंबईच्या क्रिकेटला या कचेऱ्यांच्या संघांनी आधार दिला.

== इ.स. १९०६चा विजय ==

फेब्रुवारी १९०६मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू व युरोपियन यांच्यात झालेला सामना बाळूंच्या कारकिर्दीतील एक शिखर मानला जातो. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत संपले. हिंदूंचा १०९ धावांनी विजय झाला. बाळूंनी पहिल्या डावात तीन व दुसऱ्या डावात पाच बळी घेतले. शिवराम हेही या संघात होते.

वंगभंगाच्या विरोधातील स्वदेशी चळवळ तेव्हा जोरात होती. त्यामुळे या विजयाला क्रीडेपलीकडचे महत्त्व आले. समाजसुधारकांच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट होती. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या नियतकालिकाने अस्पृश्य खेळाडूंना सामावून घेण्याच्या हिंदू क्रिकेटपटूंच्या निर्णयाचे या निमित्ताने स्वागत केले. इ.स. १९०७पासून पारशी, युरोपियन व हिंदू यांची तिरंगी आणि मुस्लिम संघाच्या समावेशानंतर इ.स. १९१२पासून चौरंगी स्पर्धा सुरू झाली. या दोन्ही स्पर्धांत बाळू हिंदूंचे प्रमुख गोलंदाज होते.

== इंग्लंडचा दौरा (१९११) ==

इ.स. १९११मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. या संघाची निवडही धर्मवार वाटणीने झाली होती. बाळू व शिवराम या दोघांचीही निवड झाली. संघाची एकूण कामगिरी निराशाजनक ठरली. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी केवळ दोन जिंकता आले आणि दहा गमवावे लागले.

पस्तिशी गाठलेल्या बाळूंची कामगिरी मात्र असामान्य होती. दौऱ्यातील सर्व सामने मिळून त्यांनी ११४ बळी घेतले. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणी सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ बळी ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी होय. लीस्टरशायरवरील विजयात त्यांनी सामन्यात ११ गडी बाद केले. सॉमरसेटविरुद्ध भारतीय संघाने एक गडी राखून मिळवलेल्या विजयात शिवराम यांचे नाबाद शतक निर्णायक ठरले. दोन्ही विजयांत पालवणकर बंधूंचा असा मोठा वाटा होता.

मुंबईला परतल्यावर अस्पृश्य समाजाच्या वतीने बाळूंचा सत्कार करण्यात आला. त्या प्रसंगीचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकर यांनी तयार केले होते. ते तेव्हा महाविद्यालयात शिकत होते. आपल्या समाजाच्या गुणवत्तेचा पुरावा म्हणून आंबेडकरांना त्या काळात बाळूंविषयी मोठा आदर होता.

== कर्णधारपदाचा प्रश्न ==

इंग्लंडहून परतल्यानंतर बाळू हे हिंदू संघातील सर्वांत अनुभवी व यशस्वी खेळाडू होते. तरीही कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. चौरंगी स्पर्धेच्या नियमांत हिंदू संघाचा कर्णधार अमुक जातीचा असावा असे कोठेही लिहिलेले नव्हते. अलिखित नियम मात्र पक्का होता. सवर्ण कर्णधाराच्या आज्ञेत अस्पृश्य गोलंदाज चालत होता, उलटे चालत नव्हते. एम. डी. पै यांची कर्णधारपदी निवड झाली, तेव्हा हा मान आपल्यापेक्षा बाळूंचा होता, हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे मान्य केले.

इ.स. १९२०मध्ये झालेल्या चौरंगी स्पर्धेत हा प्रश्न उघडपणे पुढे आला. पै आजारी असल्यामुळे मुस्लिम संघाविरुद्धच्या सामन्यासाठी दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमण्यात आले आणि बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. ज्येष्ठ भावाला डावलण्याचे कारण जात हेच आहे, असे मानून विठ्ठल व शिवराम यांनी खेळण्यास नकार दिला व आपली भूमिका वृत्तपत्रांतून मांडली. निषेधाचा परिणाम झाला. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै परतले. बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार करण्यात आले व दोघे भाऊही सामील झाले. सामन्यात पै काही काळ स्वेच्छेने मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. चौरंगी स्पर्धेतील त्यांचा तो अखेरचा सहभाग ठरला. या प्रकरणातील दोष देवधरांकडे जात नाही. निवड समितीने केली होती, आणि देवधर हे स्वतः पुढे महाराष्ट्राच्या क्रिकेटचे मोठे आधारस्तंभ झाले.

इ.स. १९२३मध्ये विठ्ठल पालवणकर यांची हिंदू संघाच्या कर्णधारपदी निवड झाली. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी त्या वर्षीची स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला नाकारलेला मान धाकट्याला मिळाला. या घराण्याच्या क्रीडाजीवनाविषयीची बरीचशी माहिती विठ्ठल यांच्या ‘माझे क्रीडा-जीवन’ या मराठी आत्मचरित्रातून मिळते.

== राजकीय जीवन ==

निवृत्तीनंतर बाळू अस्पृश्यांच्या प्रश्नांवरील सार्वजनिक कार्यात उतरले. ऑगस्ट १९३२मध्ये जाहीर झालेल्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध महात्मा गांधींनी येरवडा तुरुंगात २० सप्टेंबरपासून उपोषण सुरू केले. २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. त्यावर सही करणाऱ्यांत बाळू होते. त्यांचा कल संयुक्त मतदारसंघाकडे होता. अस्पृश्य हे हिंदूंच्या यादीत मोडतात की नाही, हा प्रश्न त्यांनी क्रिकेटमध्ये तीस वर्षे अनुभवला होता. यादीत राहून आतून जागा मिळवता येते, हा त्यांच्या कारकिर्दीचा अनुभव होता. ती जागा किती उशिरा व किती अपुरी मिळते, हाही त्याच कारकिर्दीचा अनुभव होता, आणि आंबेडकरांचा युक्तिवाद नेमका त्यावरच उभा होता.

इ.स. १९३७च्या मुंबई प्रांतिक विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईतील राखीव जागेसाठी डॉ. आंबेडकर यांच्याविरुद्ध उमेदवारी दिली. आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार होते. त्यांना १३,२४५ मते मिळाली, तर बाळूंना ११,२२५. ज्यांनी एकेकाळी बाळूंचे मानपत्र लिहिले, त्यांच्याशीच ही लढत झाली. त्याआधी मुंबई महापालिकेची एक निवडणूकही बाळूंनी लढवली होती, पण तीत यश आले नव्हते.

== स्पर्धेचा अस्त व अखेर ==

धर्मावर आधारलेली ही स्पर्धा बाळूंच्या निवृत्तीनंतरही पंचवीस वर्षे चालू राहिली. इ.स. १९३७मध्ये भारतीय ख्रिस्ती, ज्यू व इतरांसाठी ‘द रेस्ट’ म्हणजे उर्वरितांचा पाचवा संघ निर्माण झाला. चार संघांच्या व्यवस्थेत या खेळाडूंना खेळण्यासाठी जागाच नव्हती. सांगलीचे विजय हजारे हे ख्रिस्ती असल्यामुळे या पाचव्या संघाकडून खेळले. इ.स. १९३४-३५मध्ये सुरू झालेल्या रणजी करंडक स्पर्धेत संघ प्रांतवार असल्याने धर्माची अट उरली नाही. पंचरंगी स्पर्धा इ.स. १९४६मध्ये बंद झाली.

बाळूंचे निधन ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत झाले. सांताक्रूझ येथे झालेल्या त्यांच्या अंत्यविधीला दलित समाजातील अनेक नेते व क्रिकेटपटू उपस्थित होते. त्यानंतर कित्येक वर्षे त्यांचे नाव विस्मरणात गेले. रामचंद्र गुहा यांनी ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ (२००२) या ग्रंथात पालवणकर बंधूंची कहाणी विस्ताराने मांडली, तेव्हा नव्या पिढीला त्यांची ओळख झाली. बाळूंना अधिकृत कसोटी सामना खेळता आला नाही. भारताचा पहिला कसोटी सामना इ.स. १९३२मध्ये लॉर्ड्‌सवर झाला, तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते.