नवा पार्ट डब्यातून काढला की बसतो, तो कुणामुळे? हेन्री लेलँड यांची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात माझ्या बाईकच्या सायलेन्सरमधून निळसर धूर यायला लागला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गॅरेजवाल्या काकांनी इंजिन खोललं, सिलिंडरच्या आत बोअर गेज लावून माप घेतलं आणि दोन पर्याय सांगितले. सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा, नाहीतर सिलिंडर-पिस्टनचा नवा सेटच बसवायचा. गिअरबॉक्समधल्या एका गिअरचे दातही झिजले होते. त्याला मात्र पर्याय नव्हता. तो बदलायचाच, आणि त्याच्या जोडीचाही.

रिपेअर की रिप्लेस, हा प्रश्न आपण सहज विचारतो. पण तो विचारताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो: नवा पार्ट आणला की तो बसणारच. सव्वाशे वर्षांपूर्वी मोटारींच्या बाबतीत असं नव्हतं. त्या काळी बरेच पार्ट कारागीर कानशीने घासून त्या-त्या गाडीला बसवायचे. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे पार्टसुद्धा एकमेकांना बसतील याची खात्री नसायची. म्हणजे रिप्लेस करायचं म्हटलं तरी काम शेवटी रिपेअरचंच व्हायचं.

हे बदलणाऱ्यांमध्ये एक मोठं नाव म्हणजे हेन्री लेलँड. (आपल्या अशोक लेलँडशी यांचा संबंध नाही. ते नाव इंग्लंडमधल्या एका गावावरून आलंय.)

बंदुकांच्या कारखान्यातले धडे

लेलँड यांचा जन्म १८४३ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला. ऐन तरुणपणी अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं आणि ते स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रकारखान्यात टूलमेकर म्हणून काम करू लागले. एका बंदुकीचा पार्ट दुसऱ्या बंदुकीला बसला पाहिजे, हा तिथला नियम होता. कारण सोपं आहे. रणांगणावर बंदूक बिघडली तर सैनिक कानस घेऊन बसणार नाही.

यासाठी गेज वापरायचे, म्हणजे ठरलेल्या मापाचे नमुने. पार्ट गेजमध्ये बसला तर पास, नाही तर बाद. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस आधी ठरवायचा, मग मॉड्यूल कुणीही बनवो.

पुढे १८७२ पासून सुमारे १८ वर्षं ते ब्राउन अँड शार्प या कंपनीत होते. ही कंपनी मोजमापाची साधनं आणि ग्राइंडिंग मशिन बनवायची. एका इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे ०.०२५ मिलिमीटरमध्ये विचार करायची सवय त्यांना इथेच पक्की झाली. आपला केस साधारण याच्या तिप्पट जाड असतो!

कानस जिथे चालत नाही

१८९० मध्ये लेलँड डेट्रॉइटला आले आणि भागीदारीत स्वतःचा कारखाना काढला. तिथे ते अचूक गिअर बनवू लागले.

गिअरची गंमत अशी की त्याचा दात बाहेरून कडक हवा, नाहीतर लगेच झिजतो. त्यासाठी पोलाद तापवून झटकन थंड करतात. पण असं केल्यावर पार्ट थोडा वाकतो आणि इतका कडक होतो की त्यावर कानस चालत नाही. मग अचूक माप आणायचं कसं? ग्राइंडिंग करून. लेलँड यांचे गिअर अचूक असायचे म्हणूनच ते कमी आवाज करायचे.

एका कंपनीचं रिपेअर

ओल्ड्स कंपनीच्या मोटारींसाठी लेलँड इंजिनंही बनवत होते. तेच इंजिन सुधारून त्यांनी त्याची ताकद बरीच वाढवली, पण ओल्ड्सने ते घेतलं नाही. त्यासाठी गाडीत बदल करावे लागले असते.

१९०२ मध्ये त्यांना वेगळंच काम आलं. हेन्री फोर्ड आपल्याच नावाच्या एका कंपनीतून बाहेर पडले होते आणि गुंतवणूकदारांना ती बंद करायची होती. मशिनरीची किंमत काढायला त्यांनी लेलँड यांना बोलावलं. लेलँड यांनी किंमत काढली, पण सल्ला उलटा दिला: विकू नका, माझं इंजिन घेऊन गाड्या बनवा. थोडक्यात, अख्खी कंपनी भंगारात न काढता तिचं फक्त इंजिन बदला. अशी कॅडिलॅक सुरू झाली. तेव्हा लेलँड ५९ वर्षांचे होते.

तीन गाड्या, एक ढीग

ब्रिटनमधला कॅडिलॅकचा एजंट फ्रेडरिक बेनेट याने १९०८ मध्ये रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली एक परीक्षा ठेवली. तीन गाड्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर आणल्या, चालवल्या आणि पूर्ण खोलल्या. प्रत्येकीचे ७०० पेक्षा जास्त पार्ट होते. सगळ्यांचा एकच ढीग करून ते मिसळले. त्यातले सुमारे ९० पार्ट बाजूला काढून त्यांच्या जागी स्टॉकमधले नवे पार्ट ठेवले.

मग मेकॅनिकांनी पाने आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन तीन गाड्या पुन्हा जोडल्या. कानस वापरायची नाही ही अट होती. तिन्ही गाड्या सुरू झाल्या आणि ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर धावल्या. या कामगिरीबद्दल कॅडिलॅकला मानाची ड्यूअर ट्रॉफी मिळाली.

पार्ट बदलायचा म्हणजे पार्टच बदलायचा, घासत बसायचं नाही, हे मोटारीच्या बाबतीत जगासमोर सिद्ध झालं.

शेवटचा फेरा

१९०९ मध्ये जनरल मोटर्सने कॅडिलॅक विकत घेतली. १९१७ मध्ये लेलँड तिथून बाहेर पडले आणि पहिल्या महायुद्धासाठी विमानांची लिबर्टी इंजिनं बनवायला त्यांनी लिंकन कंपनी काढली. युद्ध संपल्यावर लिंकन मोटारी आल्या, पण पैसा टिकला नाही. १९२२ मध्ये कंपनी विकावी लागली. घेणारे कोण? हेन्री फोर्ड! वीस वर्षांपूर्वी फोर्डनी सोडलेली कंपनी लेलँड यांनी सावरली होती, आता लेलँड यांची कंपनी फोर्डकडे गेली. काही महिन्यांतच लेलँड यांना तिथून बाहेर पडावं लागलं. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. १९३२ मध्ये डेट्रॉइटमध्ये त्यांचं निधन झालं.

मग रिपेअर की रिप्लेस?

आता काकांचं म्हणणं नीट कळतं. सिलिंडर झिजला तरी भिंतीत धातू शिल्लक असतो. तो बोअर करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठा पिस्टन टाकता येतो, कारण ते वाढीव मापसुद्धा कंपनीने आधीच ठरवलेलं असतं. पण काही नव्या बाईकच्या सिलिंडरला आतून कडक धातूचा पातळ थर दिलेला असतो. तिथे बोअर केला की थरच जातो, म्हणून सहसा सिलिंडर बदलावाच लागतो.

गिअरचंही तसंच. बऱ्याच गिअरमध्ये कडकपणा फक्त वरच्या थरात असतो. तो झिजला की आतला मऊ धातू भराभर जातो. आणि झिजलेल्या गिअरसमोर नवा गिअर लावला तर जुना नव्यालाही खातो, म्हणून जोडी बदलायची.

काही पार्टना मात्र लेलँड यांचा नियम आजही लागू होत नाही. कनेक्टिंग रॉडची कॅप त्याच रॉडला लावून मशिन केलेली असते, ती दुसऱ्या रॉडला लावत नाहीत. डिफरन्शियलचे क्राउन आणि पिनियनही जोडीनेच मिळतात.

तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजमध्ये रिपेअर की रिप्लेस असा प्रश्न आला तर आधी विचारा: माप काय आलं, आणि लिमिट किती आहे? काकांनी गेज न लावताच उत्तर दिलं, तर तो निव्वळ अंदाज समजा.